मदत हवी: आईची नाडी ४४, बीपीची गोळी बंद करू का?

खानापूरची_लेक
आई ७८ वर्षांची. बीपीची गोळी दहा वर्षं चालू आहे, कधी त्रास नाही. सोमवारपासून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. आज मशीनवर नाडी ४४ दिसली. शेजारचं मशीन आणलं, त्यावर ४६. गोळी बंद करू का? लवकर सांगा की.

मलप्रभाकाठ
कुठली गोळी? नाव न सांगता काय सांगणार?

खानापूरची_लेक
मेटोप्रोलॉल ५०, सकाळी एक.

चिकोडीकर
अर्जुनसालीचा काढा द्या. आमचे अण्णा त्यावरच आहेत.

औषधवाला_निपाणी
नाडी चाळिशीत आलीय आणि काढा कसला सुचवताय? ताई, मेटोप्रोलॉलचं कामच ठोके कमी करणं. पण दहा वर्षं सोसलेली गोळी याच आठवड्यात का बाधली? नवीन काय सुरू झालं? विसरण्यावरची डोनेपेझिल वगैरे?

खानापूरची_लेक
नवीन काही नाही. गोळी एकच.

सीमावासी
कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांना २०२३ पासून महाराष्ट्राची महात्मा फुले योजना, म्हणजे मोफत उपचारांची, लागू आहे. कागद काढून ठेवा.

चिकोडीकर
काढ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी बघितलं नाही.

मलप्रभाकाठ
कागद आणि काढा नंतर. ताई, डोळ्यात काही घालतात का? आमच्या आत्याचं तसंच झालं होतं.

खानापूरची_लेक
हो, काचबिंदूचे थेंब, पंधरा दिवस झाले. टिमोलॉल. पण ते डोळ्याचं औषध ना?

औषधवाला_निपाणी
तेच असणार बहुतेक. दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारी औषधं. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात. पोटातली गोळी आधी लिव्हरमधून जाते, थेंबाला ती चाळण लागत नाही. म्हाताऱ्या हृदयाला दोन्हींचा मारा झेपत नाही. तरी मेटोप्रोलॉल मनानं एकदम तोडू नका, बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं. थेंबही डॉक्टरांना विचारूनच थांबवा, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ईसीजी आजच काढा, गोळी आणि बाटली दोन्ही दाखवा. शुद्ध हरपली किंवा दम लागला तर १०८.

सीमावासी
कोल्हापूरला न्या.

मलप्रभाकाठ
खानापूरहून बेळगाव जवळ. अंधारी येणाऱ्या बाईला कोल्हापूरपर्यंत कशाला हलवायचं?

खानापूरची_लेक
बेळगावलाच निघालोय. गाडीत आईला विचारलं, तर ती दोन-दोन थेंब घालत होती. एक गालावर सांडतो म्हणून.

औषधवाला_निपाणी
हे डॉक्टरांना आधी सांगा. एकच थेंब पुरतो, आणि घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे आत कमी उतरतो. पोचलात की इथं लिहा, मी जागा आहे.