पार्किंगचा जळका प्लग (सोसायटी ग्रुप)

ए-२०४: सुप्रभात. पार्किंगमधल्या सॉकेटचा फोटो टाकतोय. अर्धं काळं पडलंय, वास येतोय. दिवाळीपासून बोंबलतोय मी. कोणाची तरी स्कूटर रात्रभर कॉमन मीटरवर चरत असते. नाव घेत नाही.

बी-३०१: काका, इलेक्ट्रिक स्कूटर माझी एकटीचीच आहे, खुशाल घ्या नाव. महिन्याला ५०० भरते, पावत्या आहेत.

सी-१०२: टाकी पुन्हा ओव्हरफ्लो. पंप कोण बंद करणार?

ए-२०४: ५०० मध्ये काय होतंय ताई?

अप्पा बी-१०१: आत्ताच टाँग टेस्टर (तारेभोवती जबडा धरून करंट मोजतो तो) लावून आलो. शून्य.

ए-४०२: 😂 फुकट चालते! मी पण घेतो.

अप्पा बी-१०१: थांब रे. अख्ख्या केबलला जबडा लावला होता. जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतात. वीज बोर्डात जन्म काढून विसरलो, चष्मा घरी होता. एक्स्टेन्शन उघडून फक्त फेज धरली. ३ अँपिअर.

ए-४०२: चष्म्याचा काय संबंध अप्पा 🙏

अप्पा बी-१०१: २३० गुणिले ३ = ६९० वॅट. चार तासांत पावणेतीन युनिट. १२ रुपयांनी धरलं तरी ३३ रुपये. ताई आठवड्यातून तीनदा लावतात. पुढचं २०४ ने करावं.

बी-५०३: लेक डिप्लोमाला आहे, ती म्हणते चार्जरला पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर सगळंच वापरलं जात नाही, खरे वॅट ६९० पेक्षा कमीच भरतील.

ए-२०४: मग सॉकेट का जळलं, तेही विचारा तिला.

सी-१०२: टाकी ओव्हरफ्लो.

अप्पा बी-१०१: हा प्रश्न बरोबर आहे. चार्जर बंद असताना दोन्ही पॉइंटला २३१ व्होल्ट. चार्जर लिफ्टजवळच्या पॉइंटला लावला की २३०. काळ्याला लावला की २२५. (एक्स्टेन्शनच्या दुसऱ्या पॉइंटवर मोजलं.) हे जास्तीचे ५ व्होल्ट सॉकेटच्या ढिल्या पत्तीत जिरतायत. ५ भागिले ३, म्हणजे दीड-पावणेदोन ओहम. तिथे जवळजवळ शून्य हवा. आणि ५ गुणिले ३, १५ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर कथील वितळवतं. इथे ते प्लास्टिकच्या डबीत चार-चार तास.

ए-२०४: म्हणजे चूक कोणाचीच नाही. वा.

सेक्रेटरी: १६ अँपिअरचे नवे पॉइंट बसवायचा ठराव मागच्या एजीएमला कोणी अडवला, ते मिनिट्समध्ये आहे. मीही नाव घेत नाही.

ए-२०४: कोटेशन एकच आलं होतं! विषय भरकटवू नका.

बी-३०१: अप्पा, आज लावू की नको?

अप्पा बी-१०१: काळ्याला हात लावू नका. त्याचा एमसीबी पाडून ठेवलाय, कोणी उचलू नये. आपोआप का पडला नाही असं विचाराल, तर ३ अँपिअरला तो कशाला पडेल? पत्ती तापतेय हे त्याला कळत नाही.

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियन ११ वाजता येतोय. सॉकेट बदलून घेऊ.

ए-४०२: पार्किंगचे दिवेही गेलेत.

अप्पा बी-१०१: त्याच एमसीबीवर आहेत.

सी-१०२: पंपही त्याच्यावरच टाका मग.