गरिबीचे दलाल? (निवांत यांच्या कालच्या लेखाला उत्तर)

खरपूस:
काल निवांत यांनी लिहिलं की वस्त्यांवर, दलितांवर, सफाई कामगारांवर माहितीपट काढणारे सगळे 'गरिबीचे दलाल' असतात. खांद्याला झोळी, खिशात बक्षीस, आणि वस्ती आहे तिथेच. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

निवांतराव, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांचा गोळीबार झाला, १० माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आनंद पटवर्धन यांनी तेव्हा हाती घेतलेला 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुरा झाला २०११ साली. चौदा वर्षं पैसा अडकवून बसणारा दलाल मी तरी पाहिलेला नाही. तिकडे तमिळनाडूत दिव्या भारती यांनी मैला उपसणाऱ्यांवर 'कक्कूस' काढला आणि २०१७ मध्ये यूट्यूबवर फुकट टाकला. मिळालं काय? धमक्या, आणि २००९ च्या विद्यार्थी आंदोलनाची जुनी केस उकरून अटक. असला धंदा तुम्ही करून दाखवा.

निवांत:
दोन भली नावं पुढे केली की बाकीचे आपोआप झाकले जातात. 'रायटिंग विथ फायर' या माहितीपटाचं काय? बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया' या बायकांनीच चालवलेल्या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांवरचा. २०२२ ला ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि ऐन सोहळ्याच्या तोंडावर 'खबर लहरिया'नंच जाहीर केलं की यात आमचं काम अर्धवट आलंय, आम्ही एकाच राजकीय पक्षाच्या बातम्यांमागे लागलोय असं वाटतं. ज्यांच्यावर काढला त्यांनाच पटला नाही!

खरपूस:
आणि त्यांनी ते ठणकावून सांगितलं, देशभर छापूनही आलं. बिचाऱ्या, वापरल्या गेलेल्या बायका असं करतात होय?

अर्धाकप:
यातलं काहीही बघायला मिळालं तर ना! महोत्सवाचा पास काढा, तास तास रांगेत उभे राहा, आणि आत गेल्यावर पुढच्या तीन रांगा पाहुण्यांसाठी राखीव. यावर कोणी माहितीपट काढेल का?

चाळकरी:
मी रमाबाई नगरच्या जवळच्याच चाळीत वाढलो. 'जय भीम कॉम्रेड'चा खेळ आमच्याकडे पडदा बांधून झाला. गाणी सुरू झाली तशा म्हाताऱ्या बरोबरीनं म्हणायला लागल्या. ते दलालीचं काम नव्हे, एवढं निवांत यांना सांगतो.

आता खरपूस यांना. नंतर एकदा शिकाऊ पोरांची एक टोळी आली. आजीला दोन तास बसवलं, गोळीबाराची ती सकाळ पहिल्यापासून सांगायला लावली. आजी रडली. पोरं म्हणाली, कॉपी आणून देऊ. आजी वारली, कॉपी काही आली नाही. आमच्याकडे तिचा आवाज नाही, कुणाच्या तरी हार्ड डिस्कमध्ये आहे. पटवर्धनांच्याच 'हमारा शहर'मध्ये एक बाई कॅमेरावाल्यांना झापते, गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होणार, आमचं काय? त्यांनी ते कापलं नाही, ठेवलं. मानतो. पण तिचा प्रश्न अजून तसाच आहे.

जाईजुई:
मी 'कक्कूस' बघितला आणि सोसायटीत शत्रू करून घेतले. सेक्रेटरी आहे. सेप्टिक टँक भरला की ठेकेदार माणूस आणतो, तो दोरी बांधून उतरतो. मी म्हटलं यापुढे उतरायचं नाही, सक्शनची गाडी बोलवा. कमिटी म्हणते गाडीला दुप्पट पैसे, आणि 'जबाबदारी ठेकेदाराची'.

खरपूस:
हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात थेट किंवा आडून, कसंही कामाला लावलं तरी गुन्हा आहे. ठेकेदाराची ढाल चालत नाही. आणि गटारात माणूस मेला तर भरपाई १० लाखांची ३० लाख करा, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. कमिटीला वाचून दाखवा.

निवांत:
मग मेंटेनन्स वाढवा! तेव्हा मात्र हेच पुरोगामी सभेत बोंबलतात. आमच्याकडे हा प्रश्नच नाही, मुनसिपाल्टीची लाइन आहे.

चाळकरी:
त्या लाइनीत कोण उतरतं?

निवांत:
झालं! प्रत्येक धाग्यावर जात आणायलाच हवी का?

चाळकरी:
मी फक्त 'कोण' विचारलं. जात तुम्हीच ओळखलीत.

अर्धाकप:
अगागा.

जाईजुई:
भांडा नंतर. आमची खरी अडचण वेगळीच आहे. गाडी आतच येत नाही. तळमजल्याच्या काकांची मोटार नेमकी टाकीच्या झाकणावर लागते. 'माझ्या पार्किंगचे पैसे भरलेत' म्हणतात. म्हणजे मोटार हलवण्यापेक्षा माणूस उतरवणं सोपं!

निवांत:
त्या काकांना नोटीस द्या, यात माझा पूर्ण पाठिंबा. पार्किंग या विषयावर मी स्वतंत्र धागा काढणार आहे.

खरपूस:
त्यावर माहितीपट काढणाऱ्याला तरी दलाल म्हणू नका.

निवांत:
टोमणा पोचला. 'कक्कूस' रात्री लावला होता, अर्ध्यावर बंद केला, जेवण गेलं नाही. दिव्या भारती यांच्यापुरता शब्द मागे. चाळकरींच्या आजीला फसवणारी पोरं मात्र दलालच, यावर खरपूस यांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

खरपूस:
दलाल नाहीत, बेजबाबदार आहेत. बरं, तुमचाच शब्द घ्या, त्या पोरांपुरता.

चाळकरी:
त्यांना काय म्हणायचं ते ठरवा सावकाश. मला रेकॉर्डिंग हवंय.

जाईजुई:
ठाण्यात छोट्या सक्शन गाडीवाल्याचा नंबर कोणाकडे आहे का? गल्ली अरुंद आहे. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.