नवीन ९११ चं फेसलिफ्ट: चेहरा चालेल, पण काटा का काढला?

सहा_सिलिंडर: पोर्शनं २०२४ मध्ये ९११ चं फेसलिफ्ट आणलं, जनरेशन ९९२ च पण तोंड नवीन. बाहेरचं एकवेळ चालवून घेऊ, पण आतला आरपीएमचा खरा काटा काढून टाकला हे काही पटत नाही राव. इतकी वर्षं मधोमध मोठा आरपीएम मीटर, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला, हीच तर ओळख होती. आता १२.६५ इंची स्क्रीन. वर स्टार्ट करायला किल्लीसारखा पिळायचा नॉब होता तो जाऊन बटण आलं. बटण तर आमच्या आय-२० लापण आहे!

लेन_कटर: आधीच्या ९९२ मध्ये बसलायत का कधी? काटा मस्त दिसायचा, मान्य, पण कडेचे दोन डायल स्टिअरिंगच्या रिमआड जायचे, बघायला मान वाकडी करावी लागायची. नव्या स्क्रीनवर क्लासिक व्ह्यू लावा, जुन्यासारखे पाच गोल डायल येतात आणि सगळे दिसतात. उगाच रडारड.

घाटातला_गडी: डायलचं चित्र येतं, डायल नाही येत. असो, मला खरा त्रास पुढच्या बंपरचा आहे. डीआरएल (दिवसा चालू राहणारे दिवे), इंडिकेटर सगळं हेडलाइटमध्ये कोंबलं आणि खाली नुसती मोठी तोंडं उघडी ठेवली, जीटीएस व्हेरियंटला तर दोन्हीकडे पाच-पाच उभ्या पट्ट्या. मागे नंबर प्लेटपण वर सरकवली. पूर्वी लांबून बघितलं तरी साधी सुटसुटीत वाटायची.

लेन_कटर: भाऊ त्या पट्ट्या शो साठी नाहीयेत. गरज नसेल तेव्हा बंद होतात, हवा कमी अडते, इंजिन तापलं की उघडतात. जीटीएस आता हायब्रिड आहे, ३.६ लिटर, ५४१ पीएस, तिला गार हवा नको का? आणि सवय होते हो. १९९७ ला ९११ ची ९९६ जनरेशन आली तेव्हापण तिच्या दिव्यांना तळलेलं अंडं म्हणून हिणवलं होतं लोकांनी, आज तीच शोधत फिरतायत.

सहा_सिलिंडर: अर्धीच गोष्ट सांगताय. २००२ च्या फेसलिफ्टला पोर्शनं तिचे दिवे बदलून ९११ टर्बोचे बसवले, आणि २००४ ला पुढची जनरेशन ९९७ आली ती गोल दिवे घेऊनच. म्हणजे लोकांनी बोंब मारली म्हणूनच ना?

गिअर_तिसरा: नॉबबद्दल एक. फ्रान्समधल्या ल मान्सच्या रेसमध्ये ड्रायव्हरनं पळत येऊन एका हातानं स्टार्ट, दुसऱ्यानं गिअर, म्हणून तो डावीकडे असं सांगतात. आपल्या राइट हँड गाडीत तो दाराकडे, उजवीकडे येतो, म्हणजे लॉजिक तेच राहतं. पण पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असताना तुम्ही दुसऱ्या हातानं करणार काय? मला बटण चालतं.

सहा_सिलिंडर: मग ९११ च्याच नव्या, ट्रॅकसाठीच्या जीटी३ ला पिळायचा नॉब का ठेवला त्यांनी? स्क्रीन तिलापण दिली, पण नॉब नाही काढला. कारण तो गिऱ्हाईक कटकट करतो हे त्यांना माहितीये. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

घाटातला_गडी: +१. सीटबेल्टच्या रंगाचेसुद्धा वेगळे पैसे घेतात हे लोक, तर काटापण टाका ऑप्शनमध्ये, घेणारे घेतील.

लेन_कटर: घेणारे म्हणजे कोण, तुम्ही? 😄