महायुद्धकाळातील छोटे जर्मन जमीनदार उमराव

प्रश्न:
पूर्व प्रशिया आणि पोमेरेनिया या तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्वेकडील प्रांतांत काहीशे हेक्टर जमीन बाळगून असलेल्या, नावात ‘फॉन’ लावणाऱ्या छोट्या उमराव घराण्यांना दुसऱ्या महायुद्धाची झळ कितपत बसली? ही मंडळी वाड्यात सुखात होती, असे सर्रास म्हटले जाते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १:
घरातील कर्ते पुरुष बहुधा सैन्यात अधिकारी असत. त्यामुळे शेतीचा कारभार पत्नी, वृद्ध वडील किंवा पगारी कारभारी यांच्यावर येऊन पडे. लष्कराने चांगले घोडे नेले आणि ठरलेले धान्य, दूध व मांस सरकारजमा करणे बंधनकारक झाले. ४ सप्टेंबर १९३९ च्या युद्ध-अर्थव्यवस्थेच्या हुकुमामुळे चोरून डुक्कर कापण्यासारख्या गुन्ह्यालाही देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत असे. तरीही शहरांतील रेशनच्या जेवणाच्या मानाने त्यांचे ताट भरलेलेच होते.

प्रतिसाद २:
ते ताट कोणाच्या श्रमांवर भरले, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. गडी सैन्यात गेल्यावर त्यांच्या जागी फ्रेंच युद्धकैदी आणि सक्तीने आणलेले पोलिश मजूर राबत होते. मार्च १९४० च्या नियमांनुसार पोलिश मजुराला कपड्यांवर ‘पी’ अक्षराचे चिन्ह लावावे लागे आणि जर्मनांबरोबर एका टेबलावर जेवण्याची त्याला मनाई होती. एखादी मालकीण हा नियम मोडून त्याला स्वयंपाकघरात जेवू घाली, एखादी तो काटेकोरपणे पाळी. परंतु काम सोडून घरी जाण्याची मुभा त्याला कुठेच नव्हती. माझ्या मते या घराण्यांविषयी लिहिताना सुरुवात इथूनच करायला हवी.

प्रतिसाद ३:
वरील मताशी मी सहमत आहे. राजकारणातही सगळे एका माळेचे मणी नव्हते: अनेकांनी नाझी राजवटीला साथ दिली, तर पोमेरेनियातील एवाल्ड फॉन क्लाइस्ट-श्मेन्झिन यांना विरोधापायी ९ एप्रिल १९४५ रोजी मृत्युदंड देण्यात आला. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा चाल करून आल्या, तेव्हा पूर्व प्रशियात गाउलायटर (नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख) एरिख कोखने वेळेवर गाव सोडू दिले नव्हते. परिणामी गाड्या जुंपून हजारो कुटुंबे फ्रिशेस हाफ या बाल्टिक किनाऱ्यावरील गोठलेल्या खाडीवरून निघाली, आणि कित्येक गाड्यांचे लगाम त्याच फ्रेंच कैद्यांच्या हाती होते. ओडर-नायसे या नद्यांच्या पूर्वेकडील जमिनी कायमच्या गेल्या; जर्मनीच्या सोव्हिएत ताब्यातील विभागात त्याच वर्षी शंभर हेक्टरांवरील मालमत्ता मोबदल्याविना जप्त झाल्या.