प्रति: द्वेष पसरवणाऱ्यांना कॅम्पसबाहेर काढा

वर दोघांनी लिहिलंय की विद्यापीठात द्वेषाचं बोलणाऱ्याला थेट काढून टाकावं, नियम आणखी कडक करावेत. संताप पटतो. पण मी बडोद्याची आहे.

मे २००७ मध्ये इथल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्समध्ये एका विद्यार्थ्याची चित्रं वार्षिक परीक्षेसाठी लावली होती. बाहेरची माणसं आत शिरली, भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि अटक झाली ती त्या विद्यार्थ्यालाच! निषेध म्हणून मुलांनी भारतीय परंपरेतल्याच शृंगारिक कलेच्या प्रतिमांचं प्रदर्शन मांडलं. ते बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. नियम कडक करताना ते कुणाच्या हातात जातात ते बघा. 'भावना दुखावल्या' हा निकष मला मुळीच नको.

माणसाला लक्ष्य करणं मात्र वेगळं. याच शहरात १९१७ साली, संस्थानच्या नोकरीत असलेल्या डॉ. आंबेडकरांना काठ्या घेतलेल्या जमावाने पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. त्यात ऐकून घेण्यासारखं मत कुठलं होतं? जातिवाचक शिवीगाळ, धमकी यांना १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, तो बेधडक वापरा. ऑनलाइन लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दलच्या २०१५च्या श्रेया सिंघल निकालातही सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केलाच आहे.

उरलेल्या विखारी भाषणांना कुलगुरूंनी त्याच दिवशी, नाव घेऊन, जाहीर उत्तर द्यावं. आणि ज्याच्यावर रोख आहे, त्याच्या शेजारी मेसमध्ये आपण जाऊन बसावं. एवढंही होत नाही, माझा खरा राग त्यावर आहे.