पडदा जुळवतो कोण: दाब की धातू?
पाण्यावर तरंगणारा धातुयुक्त बहुवारिकाचा (पॉलिमरचा, म्हणजे घटक रेणू साखळीने जोडून झालेल्या पदार्थाचा) पडदा केवळ दाबाने, म्हणजे पृष्ठभागावरून पट्टी सरकवून रेणू एकत्र दाबल्याने, जुळून येतो, असे एक मत आहे; ते मला अपुरे वाटते. रिए माकिउरा आणि ओलेग कोनोवालोव या संशोधकांनी २०१३ मध्ये पॉर्फिरिन या सपाट, वलयाकार सेंद्रिय संयुगाचे रेणू आधी पाण्याच्या पृष्ठभागावर पसरवले आणि तांब्याचे आयन (विद्युतभारित अणू) नंतर खालच्या पाण्यात सोडले. तेव्हा पृष्ठभागावर अगोदरच आडवे झालेले रेणू त्या आयनांनी एकमेकांना सांधले गेले आणि रेणूइतक्या जाडीचा, एकसारखा, स्फटिकी पडदा मोठ्या क्षेत्रावर तयार झाला. दाबाने रेणू जवळ येतात, हे खरेच. पण त्यांची जाळी विणतो तो धातूच, आणि म्हणून तो कधी मिसळायचा याला मी पट्टीच्या वेगापेक्षा अधिक महत्त्व देईन.