एनएस१ निगेटिव्ह आली तरी...

'डेंग्यूची रॅपिड टेस्ट तापाच्या दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली आणि नंतर डेंग्यू निघाला, म्हणजे रॅपिड किट (झटपट तपासणीची पट्टी) भंगार' हे एकाने मांडलेलं मत मला अर्धंच पटतं. एलायझाच्या (प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीच्या) मानाने किटमधून जास्त केसेस निसटतात, हे खरंच. पण तापाचा कितवा दिवस, हे कुणी लिहीतच नाही. एनएस१ हे विषाणूचंच प्रथिन, ते पहिल्या दिवसापासून साधारण पाच-सहा दिवस सापडतं. आयजीएम, म्हणजे नव्या संसर्गात शरीर सुरुवातीला बनवतं ती प्रतिपिंडं (अँटीबॉडी), सहसा चौथ्या-पाचव्या दिवसाआधी दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिची रेघ कोरी असणारच.

खरी गोम आहे दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूत. शरीरात आधीची प्रतिपिंडं असतात, ती एनएस१ला चिकटतात आणि किटला ते सुटं सापडतच नाही. आयजीएमही अशा वेळी कमीच बनतं. गंभीर होण्याचा धोका ज्यांना जास्त, त्यांच्यातच टेस्ट जास्त चुकते! माझ्या भावाच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी एनएस१ आणि आयजीएम दोन्ही कोरे, आयजीजीची (संसर्ग होऊन गेल्यावरही रक्तात राहणाऱ्या प्रतिपिंडांची) रेघ मात्र ठसठशीत. 'जुन्या संसर्गाचं असेल' म्हणून आम्ही सोडून दिलं. ताप उतरला त्या दिवशी पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हेमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढलेलं. तातडीने सलाईन लावावं लागलं. काही किट्समध्ये आयजीजीची रेघ मुद्दाम वरच्या पातळीलाच उमटेल अशी ठेवलेली असते, म्हणजे ती उमटणं हाच दुसऱ्या संसर्गाचा इशारा, हे आम्हाला नंतर कळलं.

आणि हो, किटवर निकाल वाचण्यासाठी दिलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली पुसट रेघ पॉझिटिव्ह धरायची नसते.